जुन्या गाडीच्या चेसिसवरचा गंज आणि रंग: पहिल्या खरवडणीपासून प्रायमरपर्यंत

बॉडी उचलून बाजूला ठेवली, चेसिस, म्हणजे गाडीचा भार पेलणारा खालचा सांगाडा, घोड्यांवर (स्टँडवर) मोकळी झाली, की हात आपोआप ग्राइंडरकडे जातो. तारेचा कप ब्रश लावायचा, तासभर धूळ उडवायची आणि खालून चकचकीत पोलाद दिसलं की काम मार्गी लागलं असं वाटतं. बहुतेक कामं नेमकी इथेच बिघडतात. फिरती तार ग्रीस काढत नाही, ते तापवून पत्र्यावर सारवते. घट्ट बसलेला गंज तर ती काढण्याऐवजी घासून तुकतुकीत करते. त्या काळसर चकाकीवर रंग बसतो, दिसतोही छान, पण वर्ष-दोन वर्षांत खालून फोड येतात आणि पोपडे सुटतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी तेलकटपणा, मग जुना रंग आणि डांबर, मग गंज, आणि त्यानंतर वेळ न दवडता प्रायमर. हत्यार कोणतं वापरायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

हा लेख बॉडीपासून वेगळी होणारी चेसिस असलेल्या गाड्यांसाठी आहे. लँड रोव्हर सीरीज, ट्रायम्फ हेराल्ड, विलीज जीप अशा. मॉरिस मायनरसारख्या मोनोकॉक गाडीत वेगळी चेसिस नसते, बॉडीचा पत्राच भार घेतो. तिथे पद्धत साधारण हीच, पण पत्रा पातळ, म्हणून ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने कणांचा मारा) आणि ग्राइंडिंग दोन्हीला हात आखडता ठेवावा लागतो.

आधी मोजा, ठोका, टोचा

सुट्या भागांचे आणि ब्रॅकेटांचे फोटो काढा. ब्रेकचे पाइप, वायरिंगच्या क्लिपा, हँडब्रेकच्या केबलचा मार्ग हे सगळं नंतर आठवेल असं वाटतं, आठवत नाही. पेट्रोलची टाकी आणि पाइप पूर्ण काढून दुसरीकडे ठेवा. ठिणग्या उडणार आहेत, आणि रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

मग चेसिसचे कर्ण मोजा. समोरासमोरच्या ठरावीक भोकांमधलं तिरकं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं आहे ना, हे आत्ताच टेपने पाहून लिहून ठेवा. गंजलेला क्रॉस मेंबर (चेसिसचा आडवा दांडा) पुढे कापावा लागला, तर हीच मापं तुम्हाला वाचवतील.

चेसिस नंबर शोधा. सीरीज लँड रोव्हरवर तो पुढच्या उजव्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ ठोकलेला असतो. तुमच्या गाडीत कुठे आहे ते हँडबुकात किंवा माहीतगाराकडून समजून घ्या. तो भाग हाताने, मऊ ब्रशने आणि पेंट रिमूव्हरने साफ करा, फोटो काढा आणि त्यावर जाड रबराची पट्टी चिकटवा. ब्लास्टिंगने किंवा फ्लॅप डिस्कने पुसट झालेला नंबर म्हणजे कागदोपत्री कायमची डोकेदुखी.

आता लहान हातोडी घ्या आणि संपूर्ण चेसिसवर ठोकत चला. चांगलं पोलाद खणखणीत वाजतं. आतून खाल्लेलं पोलाद बद्द वाजतं आणि आत खवले गळल्याची खरखर ऐकू येते. शंका आली तिथे टोच्या किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर दाबा. तो आत शिरला तर शिरू द्या. भोक तुम्ही पाडलं नाही, ते आधीच होतं. खडूने खूण करा. विशेष लक्ष द्यायच्या जागा म्हणजे पाट्यांचे हँगर, मागचा क्रॉस मेंबर, बॉडी माउंट, बाजूला निघालेले आउटरिगर आणि जिथे एकावर एक दोन पत्रे जोडलेत त्या कडा. दोन पत्र्यांमध्ये गंज धरला की तो मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि पत्रे एकमेकांपासून ढकलतो. कड फुगलेली दिसली की समजा, मधे पापुद्रे साचलेत. ते वरून घासून निघणार नाहीत. वेल्ड ड्रिलने काढून पत्रा उघडावा लागेल.

तेलकटपणा

जुन्या चेसिसवर इंजिनाच्या खालच्या बाजूला तेल, ग्रीस आणि धुळीचा बोटभर थर असतो. तो लांबी (पुट्टी) भरायच्या रुंद पट्टीने किंवा खरवडणीने काढा. उरलेल्यावर रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या, ताठ ब्रशने घासा, मग अल्कली डीग्रीजर लावून प्रेशर वॉशरने धुवा. पेट्रोल वापरू नका. रॉकेलने ग्रीस सैल होतं, पण त्याचा स्वतःचा तेलकट थर मागे राहतो. म्हणून डीग्रीजरची फेरी टाळता येत नाही. धुताना बॉक्सच्या, म्हणजे चेसिसच्या पोकळ दांड्यांच्या, भोकांतूनही पाणी मारा. आतला पहिला चिखल इथेच निघतो. खाली ताडपत्री आणि परात ठेवा. हा चिखल गटारात जाऊ द्यायचा नाही.

झालं की नाही हे पाहायला एक सोपी खूण आहे. साफ केलेल्या जागेवर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा अखंड पातळ पडदा राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब होऊन पाणी फाटलं तर तेल अजून आहे. ही परीक्षा शेवटी, पोलाद उघडं झाल्यावर करायची नाही, कारण मग पाण्याने लगेच गंज येतो.

जुना रंग आणि अंडरसील

इथे आधी शिशाबद्दल. जुन्या चेसिसवरच्या प्रायमरमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, सर्रास असायचं. नारिंगी-लाल थर दिसला तर साधं रेड ऑक्साइड (लोखंडाचं) आहे की शिसं, हे नजरेने ठरवू नका; रंगातलं शिसं तपासायची किट मिळते, ती वापरा. शिसं निघालं तर कोरडं घासणं बंद. रंग ओला ठेवून खरवडा किंवा रिमूव्हरने सोडवा, पी3 दर्जाचा (बारीक धूळ अडवणारा) मास्क घाला, जेवणाआधी हात-तोंड धुवा, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, आणि कामाच्या जागेत लहान मुलं नकोत. कचरा वेगळ्या पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्यायचा. ब्रेक ड्रममधली धूळही फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. काही जुन्या अंडरसीलमध्येही (गाडीच्या पोटाला मारलेल्या लेपात) ते असायचं, म्हणून तंतू दिसणारा थर असेल तर तोही ओलाच काढा.

डांबरी अंडरसील दोन प्रकारे निघतं. ऊन किंवा हीट गनने मऊ करून पट्टीने सोलायचं, नाहीतर गार असताना ठिसूळ झालं की छिन्नीने टपटप उडवायचं. दोन्हीच्या मधल्या कोमट अवस्थेत ते नुसतं चिकटतं आणि माणूस वैतागतो. हीट गनने थर मऊ होईपर्यंतच तापवा. धूर निघाला की तुम्ही पुढे गेलात. शिशाचा रंग तापवून जाळायचा तर अजिबात नाही. गॅसच्या टॉर्चचा मोह टाळा. डांबर पेटतं, आणि पेटलेला थेंब बॉक्सच्या आत पडला तर कुठे धुमसतोय हे कळत नाही. अग्निशामक हाताशी असू द्या.

पेंट रिमूव्हर निवडताना डबीवरचं वाचा. मिथिलीन क्लोराइडचे रिमूव्हर झपाट्याने काम करतात, पण ते शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद जागेत माणसं दगावली आहेत. अमेरिकेत 2019 मध्ये सामान्य ग्राहकांना रंग काढण्यासाठी त्याची विक्री बंद केली गेली. बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर हळू असतात, पण चेसिससाठी घाई कशाला? जाड थर लावा, वर प्लास्टिक पसरा, रात्रभर ठेवा. सकाळी रंग सुरकुतलेला मिळतो, पट्टीने निघतो. मात्र रिमूव्हर शिवणींत आणि बंद बॉक्समध्ये शिरू देऊ नका. तिथून तो धुऊन निघत नाही आणि नव्या रंगाखालून पुन्हा झिरपतो.

वेल्डिंग करणार असाल तर याहून कडक नियम: क्लोरीन असलेला कुठलाही द्रव, त्यात काही ब्रेक क्लीनरही आले, चेसिसवर वापरायचाच नाही. त्याच्या उरलेल्या अंशावर वेल्डिंगचा आर्क पडला की फॉसजीन तयार होऊ शकतो, आणि तो विषारी वायू आहे.

गंज: हाताने आणि यंत्राने

ब्लास्टिंग परवडणार किंवा जमणार नसेल, तर हाच मार्ग, आणि तो वाईट नाही. फक्त वेळखाऊ आहे.

सुरुवात कधीच फिरत्या हत्याराने नको. मोठे पापुद्रे हातोडीच्या चपट्या बाजूने आणि छिन्नीने पाडा. हवेवर चालणारी नीडल गन असेल तर उत्तम. तिच्या सुया खड्ड्यांत, वेल्डच्या कोपऱ्यांत, रिव्हेटांभोवती पोहोचतात, जिथे ब्रश जातच नाही. पत्रा पातळ झालेल्या जागी मात्र ती थेट आरपार जाईल.

मग अँगल ग्राइंडर. सपाट भागावर माझी पहिली पसंती तारेच्या ब्रशला नसून स्ट्रिप डिस्कला आहे, म्हणजे ती जाळीदार, खरखरीत स्पंजासारखी दिसणारी चकती. ती रंग आणि गंज दोन्ही उचलते, पोलाद फारसं खात नाही आणि पृष्ठभागावर रंग धरेल असे ओरखडे ठेवते. फ्लॅप डिस्क पोलादच खाते. ती वेल्ड सपाट करायला ठेवा, गंज काढायला नको. गुंफलेल्या तारेचा कप ब्रश कोपऱ्यांना लागतोच, पण त्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असली पाहिजे. लहान ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. कमी मर्यादेचा ब्रश त्यावर फुटतो. तसाही तुटलेल्या तारा सुईसारख्या उडतात, म्हणून चष्म्यावर पूर्ण फेस शील्ड, चामड्याचा एप्रन, अंगाला घट्ट कपडे आणि कानांना प्लग. ग्राइंडरचा गार्ड काढून काम करणाऱ्याजवळ उभंही राहू नये.

आता जवळून पाहा. भिंग घ्या, टॉर्च आडवी धरा. चकाकणाऱ्या पोलादात काळे ठिपके दिसतील. हे खड्डे आहेत आणि त्यांच्या तळाशी गंज तसाच बसलाय. त्यात अनेकदा क्षार अडकलेले असतात, विशेषतः गाडी समुद्राजवळ किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालली असेल तर. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि चांगल्या रंगाखालीही गंज चालू ठेवतात. अशा खड्ड्यांवर फॉस्फोरिक अ‍ॅसिड असलेलं रस्ट रिमूव्हर ब्रशने लावा, सुकू न देता पुन्हा पुन्हा ओलं ठेवा, पितळी ब्रशने घासा, मग कंपनीने डबीवर सांगितलं असेल तसं धुवा किंवा पुसा आणि गरम हवेने लगेच सुकवा. अ‍ॅसिडचा पांढुरका थर तसाच राहू दिला तर बऱ्याच इपॉक्सी प्रायमरची पकड सुटते. आपला प्रायमर अशा पोलादावर चालतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधीच वाचा.

हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्वस्त आहे, झटपट आहे, आणि चेसिसला लावायचं नाही. त्यातलं क्लोराइड शिवणींत राहतं आणि पुढची कित्येक वर्षं आतून खात राहतं. संपूर्ण चेसिस अ‍ॅसिडच्या हौदात बुडवून देणाऱ्यांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही, याच कारणासाठी.

रस्ट कन्व्हर्टरचा उपयोग मर्यादित आहे. त्यातलं टॅनिक अ‍ॅसिड गंजाशी जोडून काळा, स्थिर थर करतं. त्याला पातळ, घट्ट गंज लागतो. जाड पापुद्र्यांवर ते वरवर काळं करतं आणि आतलं तसंच राहतं. स्वच्छ पोलादावर त्याला धरायला काहीच नसतं.

ब्लास्टिंग

खड्ड्यांच्या तळापर्यंत नेमकं पोहोचणारं साधन हेच. चेसिसचं पोलाद जाड असल्यामुळे बॉडीच्या पत्र्यासारखी ती तापून वेडीवाकडी व्हायची भीती कमी असते.

घरच्या कॉम्प्रेसरने हे होईल का, हा प्रश्न नेहमी येतो. 6 मिलिमीटरच्या नोझलला 100 पीएसआयवर मिनिटाला सुमारे 80 घनफूट हवा लागते. 3 अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर दहा-बारा घनफूट देतो. म्हणजे ब्रॅकेट होतील, चेसिस होणार नाही. ती ब्लास्टिंगवाल्याकडेच पाठवा, पण धुतलेली आणि डांबर काढलेली. तेलकट चेसिसवर मारलेले कण ग्रीस पोलादात आणखी दाबतात, आणि मऊ डांबरावरून तर उसळून परत येतात.

माध्यम काय वापरतात ते विचारा. नदीची वाळू नको. तिच्यातल्या सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो, आणि फुफ्फुसाचं ते नुकसान भरून येत नाही. ब्रिटनमध्ये ब्लास्टिंगसाठी सिलिका वाळूवर 1949 च्या नियमांनीच बंदी आली. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग चेसिससाठी चांगले. काचेचे मणी पोलाद गुळगुळीत करतात, रंगाला पकड देत नाहीत. खाण्याच्या सोड्याचं ब्लास्टिंग रंग काढतं, गंज काढत नाही, शिवाय मागे राहिलेला सोडा प्रायमरला बाधतो.

बोलताना दर्जाही ठरवा. आयएसओ 8501-1 या मानकात 'एसए अडीच' नावाची पायरी आहे: रंग, गंज, मिल स्केल (कारखान्यात पोलाद तापून आलेला काळा थर) सगळं निघालेलं, फक्त पुसट डाग किंवा छटा उरलेल्या. तेवढं मागा. पृष्ठभागाची खडबड साधारण 40 ते 75 मायक्रॉन असली की इपॉक्सीला छान पकड मिळते.

पाठवण्याआधी आट्यांमध्ये जुने बोल्ट बसवा, बुशच्या जागा आणि घासून बसणारे पृष्ठभाग रबराने झाका, बॉक्सची भोकं बुचांनी घट्ट बंद करा. तरीही काही माध्यम आत जातंच. परत आल्यावर चेसिस उभी करा, आडवी करा, उलटी करा, रबरी हातोडीने ठोका, कॉम्प्रेसरची हवा मारा. दाणे गळायचे थांबेपर्यंत हे सोडायचं नाही, नाहीतर ते ऐन रंगाच्या वेळी ओल्या प्रायमरवर येऊन पडतील.

ब्रॅकेट आणि छोटे भाग

हे टबात करा. धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून इलेक्ट्रोलिसिस करता येतं: भाग 12 व्होल्ट चार्जरच्या ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. टोकं उलटी झाली तर तुमचाच भाग खाल्ला जाईल. धन बाजूला स्टेनलेस स्टील चुकूनही नको; त्यातून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून मोकळ्या हवेत करा आणि क्लिपा जोडण्या-काढण्याआधी चार्जर बंद करा.

ज्यांना वीज नको त्यांच्यासाठी मळी: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, भाग बुडवून आठवडे विसरून जा. वास असह्य, परिणाम सुरेख. स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट मात्र अ‍ॅसिडमध्येही नको आणि इलेक्ट्रोलिसिसमध्येही नको. हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात. स्टिअरिंग-ब्रेकचे बोल्ट तर नवेच घ्या.

बॉक्सच्या आतली बाजू

सीरीज लँड रोव्हरची चेसिस सपाट पट्ट्या कोपऱ्यांत वेल्ड करून पेटीसारखी बनवलेली. अशा बंद चेसिस बाहेरून कमी आणि आतूनच जास्त मरतात. बाहेर कितीही सुंदर रंग केला तरी आतला ओला चिखल आपलं काम करत राहतो.

स्वस्तातला एंडोस्कोप कॅमेरा फोनला जोडून आत घाला आणि कोपरे पाहा. मग जुनी क्लच केबल किंवा साखळीचा तुकडा ड्रिलला लावून आत फिरवा. भिंतींवर आपटून तो पापुद्रे पाडतो. हळू वेगाने, हातमोजे घालून, आणि आत घातल्याशिवाय ड्रिल चालू करायचा नाही. व्हॅक्यूम करा, पुन्हा फिरवा. हे सगळं ब्लास्टिंगच्या आधी उरकलेलं बरं, आणि पाण्याने धुणं तर नक्कीच आधी. धुतल्यानंतर गरम हवा एका टोकाने सोडून, दुसऱ्या टोकाने बाहेर येणारी हवा पूर्ण कोरडी वाटेपर्यंत सुकवा. त्यात दिवस जातील, जाऊ द्या.

वेल्डिंगची दुरुस्ती या टप्प्यावर, पोलाद उघडं असताना करायची.

झाकायची घाई

उघडं पोलाद दमट हवेत काही तासांत नारिंगी होऊ लागतं. म्हणून प्रायमर, हार्डनर, थिनर, गन, मास्क सगळं आधी आणून ठेवा आणि मगच शेवटची साफसफाई करा. ग्राइंडरने काम करणाऱ्यांनी एका दिवसात जेवढं प्रायमर करता येईल तेवढाच भाग उघडा करावा. हातमोज्यांशिवाय स्पर्श नको. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून वर येतात. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल किंवा पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त नसेल, तर त्या दिवशी रंग नाही.

न विरणाऱ्या कापडाने, सॉल्व्हंट लावून पुसा. एका कापडाने ओलं करा, दुसऱ्या कोरड्याने लगेच टिपा. मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, आणि गनने मारण्याआधी सगळ्या कडा, वेल्ड आणि भोकांच्या तोंडांवर ब्रशने एक हात. गनने मारलेला रंग धारेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. गंज पहिला तिथूनच सुरू होतो. शिवणींत सीम सीलर प्रायमरनंतर भरा, उघड्या पोलादावर नाही. वरचा रंग पॉलियुरेथेनचा असेल तर त्यातल्या आयसोसायनेटसाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो.

पावडर कोटिंग दिसतं झकास, पण चेसिससाठी मी ते घेणार नाही. दगड लागून एक टवका उडाला की पाणी खालून सरकत जातं, वरून थर अखंड दिसतो, आणि घरच्या घरी त्याची डागडुजी होत नाही.

अर्थिंगच्या जागा रंगाआधी टेपने झाका, नाहीतर नंतर लाइट का मिचमिचतात हे शोधण्यात आठवडा जाईल. बॉक्सच्या आत चारी बाजूंनी फवारणाऱ्या लांब नळीने इपॉक्सी मारा. वरचा रंग पूर्ण वाळल्यावर आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) भरा, भोकांतून गळून बाहेर येईल इतकं, कारण ते शिवणींत मुरायला हवं. वेल्डिंग बाकी असताना वॅक्स नको, ते पेट घेतं. गळणं थांबलं की खालच्या प्रत्येक ड्रेन होलमध्ये जाड तार घालून ती मोकळी करा. वॅक्सने बुजलेल्या भोकामुळे पाणी आतच अडकतं.